कापलेल्या पडद्याचा सूड

मित्रांनो, मी एका बंद पडलेल्या थिएटरचा जुना पडदा आहे. खरं तर पडद्याचा तुकडा आहे. चाळीस फुटांतला दहा फूट उरलो आहे. राग मात्र चाळीसच्या चाळीस फूट शाबूत आहे. तो कुणावर आणि मी तो कसा काढला, तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या लांब पट्ट्या जोडून मला घडवलं आणि मग एका यंत्राने माझ्या अंगाला लाखो बारीक भोकं पाडली. हळहळू नका. थिएटरात स्पीकर पडद्याच्या पाठीशी असतात. त्यांचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो, म्हणून तर नायिकेचं बोलणं तिच्या ओठांतून आल्यासारखं वाटतं. लांबून बघणाऱ्याला यातलं एक भोकही दिसत नाही. हे गुपित ध्यानात ठेवा. पुढे तेच माझं हत्यार झालं.

थिएटरात मला दोरांनी चौकटीला ताणून बांधलं आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. सातशे माणसं माझ्याकडे तोंड करून बसायची. एकाला हुंदका आला की रांगच्या रांग नाक ओढायची. मागे कुणी खो खो हसलं की ज्याला विनोद कळला नाही तोही हसायचा. एकदा खलनायकावर चिडून कुणीतरी चप्पल भिरकावली. खलनायकाला काही झालं नाही, मी मात्र डाव्या कोपऱ्यात फाटलो.

तेव्हा मला टाके घातले मावशीने. मावशी म्हणजे थिएटरची झाडूवाली. ती पाठीमागून आत शिरली, पांढऱ्या दोऱ्याने नाजूक शिवण घातली आणि म्हणाली, "रडू नकोस राजा. उद्या तुझ्यावर कुणाचं तरी लग्न लागायचंय." दर मंगळवारी सकाळी ती लांब काठीच्या मऊ ब्रशने मला वरून खाली झटकायची. पाणी नाही, ओलं फडकं नाही, बोट तर नाहीच. झटकताना आपलंच रचलेलं गुणगुणायची:

शेवट माझ्या पदरी, सुरवात कुणा घरी,
झाडू हाती धरून मी उभी दारावरी.

त्याचं असं होतं, की खेळ संपत आला की मावशी झाडू घेऊन दारात येऊन उभी राहायची. त्यामुळे एकतीस वर्षांत तिने प्रत्येक सिनेमाची फक्त शेवटची दहा मिनिटं पाहिली. सगळ्यांचे शेवट तिला तोंडपाठ, सुरुवात एकाचीही नाही. एका सिनेमात शेवटी एक म्हातारी किल्ल्यांचा जुडगा विहिरीत फेकते आणि हसत निघून जाते. तो सिनेमा चौदा आठवडे चालला. रोज तीन वेळा मावशी त्या म्हातारीला शिव्या द्यायची. "मेली! भरल्या घराला लाथ मारून चाललीय बघा कशी!"

थोरले मालक गेले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. या गृहस्थाने माझ्यासमोर कधी एक सिनेमा पुरता पाहिला नाही. एके दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता कोण येतंय इथे? सोफ्यावर लोळत घरी बघतात सगळे. कुलूप लावा."

थिएटर बंद केलं तर केलं, मित्रांनो. काळ बदलतो, त्याचा मला राग नाही. पण शेवटच्या दिवशी मावशी पदराला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मालक, एक मागणं आहे. एकच सिनेमा मला सुरुवातीपासून दाखवा. खुर्चीत बसून. त्या किल्ल्यावाल्या म्हातारीचाच दाखवा."

तो हसला. "अगं, घरी बघ की! बटण दाबलं की सुरुवात, पुन्हा दाबलं की पुन्हा सुरुवात. त्यासाठी सातशे खुर्च्यांचे दिवे लावू का?"

मावशीने झाडू भिंतीला टेकवला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी त्याने मला कापलं. माझे बाकीचे तुकडे ट्रकांवर ताडपत्री म्हणून गेले. मावशीच्या टाक्यांचा तुकडा त्याने स्वतःच्या घरासाठी ठेवला. घरात थिएटर करायचं होतं ना त्याला! कात्री चालत होती तेव्हाच मी शपथ घेतली. याला सोडायचा नाही.

मला फार काही करावं लागलं नाही. त्याचं अज्ञानच माझ्या बाजूने उभं राहिलं. आधी त्याने मला साबणाच्या पाण्याने घासलं, तर अंगावर ढगासारखा डाग उमटला. मग खिडकीवरच मला ठोकलं. आणि सोफा ठेवला माझ्यापासून चार पावलांवर.

रविवारी दुपारी सासुरवाडी जमली. नायिकेचा चेहरा पडद्यावर आला मात्र, मेहुणा ओरडला, "दाजी, हिला कांजिण्या झाल्यात का?" तोंडभर माझी भोकं! त्यात पाठीमागून ऊन घुसलं, तसे नायकाच्या कपाळावर तारे चमकू लागले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, पिठाची चाळणी टांगलीत की काय?"

शिवाय घरच ते. चहा आला, थांबवा. फोन आला, थांबवा. कुणाला तरी काहीतरी ऐकू आलं नाही, मागे घ्या. संध्याकाळ झाली तरी गोष्ट अर्ध्यावर, आणि पाहुणे निघूनही गेले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मावशीला त्याने सुरुवात दिली नव्हती, मी त्याला शेवट दिला नाही.

चार दिवसांनी झक मारून त्याने मावशीला बोलावलं. आवाजात आता लोणी होतं. "मावशी, तुम्हीच बघा हो. हे ठिपके काढा काहीतरी करून."

मावशी ब्रश घेऊन आली होती. तिची नजर माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या टाक्यांवर गेली. मग त्या डागावर. तिचे ओठ आवळले गेले.

"ठिपके नाहीत ते, भोकं आहेत," ती म्हणाली. "हा लांबून बघायचा असतो."

"किती लांब?"

मावशी माझ्याकडे तोंड ठेवून मागे मागे चालू लागली. सोफा ओलांडला, काचेचे दरवाजे सताड उघडले, पायऱ्या उतरून अंगणात गेली. मित्रांनो, खरं सांगतो, पंधराव्या पावलालाच भोकं दिसेनाशी झाली होती. पण ती थांबली नाही. थेट फाटकाशी, कचऱ्याच्या डब्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"इथून!"

"तिथून? आम्ही कचऱ्याशेजारी बसून सिनेमा बघायचा?"

"तुमची मर्जी. आधी मी पारखून सांगते. एक खुर्ची आणा आणि त्या म्हातारीचा सिनेमा लावा. पहिल्यापासून. मधे थांबवलंत तर पारख चुकते."

दिवेलागणीला सिनेमा सुरू झाला. मावशी खुर्चीत ताठ बसली होती. रस्त्याने जाणारी चार माणसं फाटकाशी थबकली, चाराची वीस झाली. सोफा अंगणात न्यायला हलेना, म्हणून धाकटे मालक दारात उभे. किती दिवसांनी माझ्यासमोर अनोळखी माणसं एकाच वेळी हसली!

पहिल्या अर्ध्या तासात कळलं, की त्या म्हातारीला तरुणपणी त्याच घरात कोंडलं होतं, आणि त्या किल्ल्या होत्या तिला कोंडणाऱ्यांच्या. मावशीचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! आणि मी चौदा आठवडे तुलाच शिव्या देत होते गं!"

शेवटी जुडगा विहिरीत पडला. मावशी शिव्या न देता रडली. मग उठली, सवयीने इकडे तिकडे झाडू शोधला, सापडला तसा उचलला, आणि दारात उभ्या असलेल्या धाकट्या मालकांच्या हातात दिला.

"खेळ संपला, मालक. लोकांनी शेंगांची टरफलं टाकलीत बघा फाटकाशी."

वीस माणसं बघत होती. त्याने झाडलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा. पडद्याला ओलं फडकं लावू नका. सिनेमा घरी बघा नाहीतर थिएटरात बघा, पण तुमच्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कधीतरी खुर्ची द्या. नाहीतर आमचा राग फार दिवस टिकतो.

मावशीने धाकट्या मालकांना सांगून ठेवलंय, की असा पडदा दर मंगळवारी झटकावा लागतो आणि झटकल्यावर एक अख्खा सिनेमा लावून पारखावा लागतो. बापाचा धंदा कधी पाहिलाच नाही, त्याला काय कळणार! तो मान डोलावतो आणि फाटकाशी खुर्ची नेऊन ठेवतो. माफ कधी करणार म्हणाल, तर अजून वेळ आहे. तिच्या एकतीस वर्षांच्या सुरुवाती बाकी आहेत.