मेन्यूकार्डावरचं नाव

ओड्वारच्या हॉटेलात पदार्थाखाली वेचणाऱ्याचं नाव छापतात. अळंबी म्हणा, आंबटपाला म्हणा, अकरा वर्षं रान तुडवून पुरवायची थोरबोर्ग. आणि गेल्या वर्षी कार्डावर सगळ्यात वर नाव कुणाचं, तर धाकट्या जावेचं. ‘मारेनच्या मुल्ते बेरी.’ थोरबोर्गच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आमच्या उत्तरेत दलदलीतल्या मुल्तेची जागा कुणी जिवंतपणी सांगत नाही. सासऱ्यांनी मरताना सांगितली, तीही धाकटीला. वीस वर्षं त्यांचे लोकरीचे मोजे विणले कुणी? थोरलीने. मग जळणार नाही तर काय करणार बाई?

यंदा जुलैत ती गुपचूप मारेनच्या मागे गेली. दलदल लालभडक दिसत होती. म्हणजे बेरी अजून कच्च्या. सोनेरी व्हायला दोन आठवडे तरी हवेत. मारेन नुसती बघून परतली. कच्ची मुल्ते खुडणाऱ्याला आमच्याकडे कुणी दारात उभं करत नाही. थोरबोर्ग मात्र वाकली आणि एकूण एक बेरी खुडून उठली.

घरी आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण अन्न टाकवेना, म्हणून तिने त्या व्हिनेगरमध्ये घालून बरणी फडताळात मागे सारली.

ऑगस्टमध्ये अळंबी न्यायला ओड्वार आला आणि नेमकी त्याला ती बरणी दिसली. एक चाखून तो खुर्चीतच बसला.

“मावशी, हे आजवर लपवलंस कुठे? शनिवारी कार्डावर सगळ्यात वर तुझंच नाव.”

दक्षिणेतला माणूस तो, त्याला कच्च्या-पिक्याची काय लाज! नको म्हणायला हवं होतं. थोरबोर्गने बरणी पुसून दिली.

शनिवारी निम्मं गाव जेवायला होतं. थोरबोर्ग ठेवणीतला झगा घालून बसली होती. समोर मारेन. तिची दलदल कुणीतरी ओरबाडली हे एव्हाना गावभर झालं होतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने कार्ड उघडलं.

‘थोरबोर्गने खुडलेल्या कच्च्या मुल्ते बेरी.’

मारेनने ते दोनदा वाचलं. शेजारच्या टेबलांवरची बोलणी एकेक करून थांबली. तिने कार्ड थोरबोर्गच्या ताटाशी सरकवलं.

“बघा जाऊबाई,” ती हळूच म्हणाली, “किती ठसठशीत छापलंय.”