कोरी जागा

सुखदेवरावांनी आयुष्यभर समुद्राचे नकाशे भरले, पण समुद्र काही पाहिला नाही. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत, आता ती बंद पडलीय, बोटींकडून येणारे वाऱ्यालाटांचे आकडे बारीक अक्षरात नकाशावर मांडायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाले म्हणून सवय कुठली सुटायला! बिबवेवाडीच्या घरात लेक दीक्षा कॉम्प्युटर उघडून बसली, की हे चष्मा सावरत मागे हजर.

दीक्षाची आयटी कंपनी आयर्लंडमधल्या एका खडकाळ किनाऱ्याचं लाटांचं पान इंटरनेटवर चालवायची. सर्फिंग करणारे, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणारे लोक, ते बघूनच पाण्यात जायचे. हिरवं म्हणजे उतरा, लाल म्हणजे घरी बसा. दोन हजार चार सालच्या त्या रविवारी दुपारी पान हिरवंगार होतं आणि अजून तासाभराने, पानावर नावं नोंदवलेले वीस जण तिकडे त्या खडकांवरून उतरणार होते.

"दीक्षा, लाटांच्या उंचीचा हा आकडा चार तास तोच कसा गं?" सुखदेवरावांनी पडद्यावर बोट टेकवलं. "दोन पॉइंट एक, परत दोन पॉइंट एक. समुद्र कधी असा बोलतो होय?"

"तिथला बोया, लाटा मोजणारं ते तरंगतं यंत्र, बंद पडला असेल, बाबा. आकडा आला नाही की प्रोग्रॅम मागचाच भरतो. पान रिकामं दिसलं तर क्लायंट ओरडतो."

"अगं, परवा तुझ्याच नकाशावर आत भर समुद्रात केवढं वादळ होतं! त्याच्या लाटा आज पोचायच्या." सुखदेवराव खाटेवर बसले. "आमचा नियम होता, बोट बोलली नाही तर जागा कोरी सोडायची. मी एकदाच मोडला, ब्याऐंशी साली. साहेब घाई करत होते. शेजारच्या बोटीचा आकडा मी त्या कोऱ्या जागेत टाकून दिला. त्या भरवशावर मच्छीमारांची एक होडी निघाली. सात जण होते. परत आले नाहीत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

त्यांच्या पत्नी हिराबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांच्याही कानावर आलं नव्हतं.

दीक्षाने कंपनीतल्या आपल्या साहेबांना, आमोदना, फोन लावला. "पान कोरं करायचं? वा! मग उद्या तुमची खुर्चीही कोरी करू," ते शांतपणे म्हणाले.

"करा सर," दीक्षा म्हणाली. तिच्या पगारावर या घराचे हप्ते होते, तरी तिने हिरवा रंग पुसला आणि लिहिलं: माहिती नाही, उतरू नका.

संध्याकाळी तिकडून निरोप आला. लाटा सहा मीटरवर गेल्या होत्या, उतरायचा खडक पाण्याखाली होता.

"आणि माणसं?"

"कोणीच उतरलं नाही, बाबा. सगळी वर उभी होती."

"वीसच्या वीस? नीट विचारलंस ना?"

"विचारलं."

सुखदेवरावांनी चष्मा काढला आणि ते लहान मुलासारखे रडले. हिराबाई शेजारी येऊन बसल्या. दीक्षाने हळूच विचारलं, "बाबा, त्या सात जणांची नावं माहीत आहेत तुम्हाला?"

"भैरू," सुखदेवराव म्हणाले, "दत्तोबा, रंगराव..." आणि कुठेही न अडखळता त्यांनी सातही नावं सांगितली.