गिरणीसमोरचा बाक

मी दवाखान्याच्या ओसरीतला बाक बोलतोय. पाय भक्कम, तोंड थेट समोरच्या पिठाच्या गिरणीकडे. मला असं कुणी ठेवलं देव जाणे! दळणाला बसलेल्यांना दुसरा उद्योग काय? माझ्यावर कोण टेकलं, कशाला टेकलं, याचीच चर्चा.

माझ्यामागच्या खोलीत आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई यायच्या, लोकांच्या मनाचं दुखणं ऐकायला. त्या दिवशी डॉक्टर नसायचे. म्हणजे त्या दिवशी जो माझ्यावर बसला, त्याचं बिंग फुटलंच म्हणून समजा. मग कोण येतंय?

एकदा सायकल दुरुस्तीवाला आला. बायको वारल्यापासून त्याची झोप उडाली होती. माझ्या कडेला अंग चोरून बसला.

गिरणीवाल्याने हाक मारलीच, "काय रे, आज इकडे कुठे?"

"दाढ... दाढ ठणकतेय," म्हणत हा उठला.

गिरणीवाला माणूस वाईट नाही हो, उलट नको तितका प्रेमळ! त्याने लगेच सायकलवाल्याच्या बहिणीला निरोप धाडला. तिने भावाला धरून शहरात नेलं, दातांच्या डॉक्टरकडे. एवढा गाजावाजा झाल्यावर हा कुठल्या तोंडाने खरं सांगणार? "डॉक्टर नको म्हणत होते, पण हाच हट्टाला पेटला," असं बहीण नंतर आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सांगत होती. धडधाकट दाढ उपटून आला बिचारा! ऐकून मला रडावं की हसावं कळेना.

पुढे ताईंचं येणं बंद झालं. कुणी येतच नाही, मग ताई कशाला, असं वरच्या साहेबांनी ठरवलं. जाताना ताई माझ्यावरच बसून बसची वाट बघत होत्या. फार वाईट वाटलं मला.

आज सायकलवाला पुन्हा आलाय. गिरणी माणसांनी भरलेली, तरी सरळ चालत येऊन माझ्यावर बसला.

"पुन्हा दाढ का रे?" गिरणीवाल्याने विचारलं.

"नाही दादा. जगावंसंच वाटत नाही. ताईंना सांगायला आलोय."

गिरणीवाल्याने गिरणीच बंद केली. कंपाउंडर बाहेर येऊन खालमानेने म्हणाला, "ताई आता येत नाहीत."

गिरणीवाला रस्ता ओलांडून आला, पिठाच्या हातांनीच त्याच्याशेजारी बसला. "मला बोलता येत नाही रे असलं काही," म्हणाला. पण उठला नाही.

साहेब, ताईंना परत पाठवा हो. मला हवं तर मागच्या दारी टाका, उन्हापावसात कुजेन. पण लवकर पाठवा. सायकलवाला अजून बसून आहे.