बबनरावांचा नंदी

पाहुणा येणार म्हटल्यावर वच्छलाबाईंनी आधी अंगण सारवलं, मग नंदी घासायला घेतला.

चार चाकांचा लाकडी नंदी, तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीनं ओढतात तसा. त्यांच्या नवऱ्यानं, बबनरावांनी, तो कोरलेला. हयातभर सुतारकी केली त्या माणसानं. बोरी अरब गावच्या निम्म्या पोरांना नंदी करून दिले. चाक मोडलं की लोकांनी ते चुलीत घातले आणि बाजारातून प्लास्टिकचे आणले. गरज सरो, वैद्य मरो! बबनराव जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं नाव कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं आणि हेच वच्छलाबाईंना खात होतं.

अशात पुण्याच्या अतुलचा फोन आला. जुनी खेळणी, कागदी भिंगऱ्या, बैलांची बाशिंगं गोळा करणारा हा माणूस नात प्रेरणाला यवतमाळच्या प्रदर्शनात भेटला होता. नंदी संग्रहालयात काचेआड ठेवू, खाली कारागिराचं नाव लिहू, म्हणाला. फोटोही मागितला, पण म्हातारीनं काढू दिला नाही.

"असा कळकट नंदी जगाले दाखवतं काय? पहिले रंगू दे."

बिनरंगवलेला नंदी उंबऱ्याबाहेर काढायचा नाही, हा त्या घरचा रिवाज. रंगवायचे ते बबनरावच. ते गेल्यापासून नंदी माळ्यावरच होता. वच्छलाबाईंनी दोन दिवस पॉलिश पेपर घासून जुना रंग पार लाकडापर्यंत काढला. डोक्यावरचं कागदी बाशिंग, तेही बबनरावांच्याच हातचं, नदीत सोडलं. वापरलेलं बाशिंग पाहुण्याला कोण देतं? मग पाट्या रंगवणाऱ्या विक्कीला बोलावून पुरणपोळी खाऊ घातली आणि त्याच्याकडून नंदी रंगवून घेतला. पांढराशुभ्र, सोनेरी शिंगांचा.

अतुल आला. त्यानं नंदी हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"आजी, जुना रंग?"

"काढला नं. पाहा, कसा नवा करकरीत दिसून राह्यला!"

अतुल भला माणूस होता, त्यानं नंदी अलगद खाली ठेवला. तेवढ्यात खताचा दुकानदार घनश्याम बातमी ऐकून आला. त्याच्या काखेत गोठ्यातून काढलेला नंदी होता, एक शिंग मोडलेला, अंगावर कोंबड्यांची घाण. अतुलचे डोळे चमकले.

"हा कुणी केला?"

"माह्या आज्यानं," घनश्याम बेधडक म्हणाला.

वच्छलाबाई ताडकन उठल्या. "खोटं! हा प्रेरणाच्या आज्यानं केलता. तुह्या बापानं मांगून नेलता, मी होती तवा!" नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. "बबनरावनं केला हा. याचे डोळे पाहा. डावं बुबूळ जरासं बाहेर पाह्यते. सगळ्या नंदीले तसेच काढत होते ते."

अतुलनं वाकून पाहिलं. डावं बुबूळ खरंच बाहेर वळलेलं होतं. त्यानं वच्छलाबाईंचा नंदी शेजारी ठेवला. विक्कीनं काढलेले दोन्ही डोळे सरळ समोर बघत होते.

"दुसरा एखादा असेल का आजी, त्यांच्या हातचा? ताडून पाहता आलं असतं."

दुसरा नव्हता. ओट्यावर दोन म्हातारे बसले होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. पण खत त्यांना घनश्यामकडूनच उधार मिळायचं. त्यांनी मान खाली घालून तंबाखू मळायला घेतली.

अतुलनं घनश्यामच्या आज्याचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मोडक्या शिंगाचा नंदी मऊ कापडात गुंडाळून गाडीत ठेवला. जाताना तो वच्छलाबाईंच्या पाया पडला. त्यांनी आशीर्वादही दिला.

गाडी गेल्यावर प्रेरणा रडवेली झाली. "आजी, धडधडीत खोटं बोलला तो! तू अजून भांडली काहून नाही?"

"त्यानं नाव चोरलं वं," वच्छलाबाई म्हणाल्या. "डोळे तं म्याच खरवडले."