दाराजवळचा ओटा

किशोरी एकटीच श्रीलंकेला निघालीय ही बातमी बाजारात आली तेव्हा मी रावस साफ करत होते, आणि मला मनापासून आनंद झाला. ती सुखाने फिरावी म्हणून नव्हे. ती गेली की तिचा ओटा रिकामा राहणार म्हणून.

पनवेलच्या आमच्या मासळी बाजारात आत शिरलं की पहिला लागतो तो किशोरीचा ओटा. नळ शेजारी, उजेड भरपूर, आणि नवीन पनवेलच्या बायका गाडी लावून आल्या की आधी तिथेच वाकून बघतात. माझा ओटा समोर, खांबाच्या आड. आमच्या सासवा त्या दाराजवळच्या जागेवरून भांडत आल्या आणि त्यांच्यामागे आम्ही भांडतो. मी तिच्या पापलेटाला शिळं म्हणते, ती माझ्या तराजूच्या काट्याला लबाड म्हणते. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींच्या हातचा चहा प्यायलेला नाही.

"कुनाबरूबर चाललीस गं?" मी मुद्दाम ओरडून विचारलं.

"कुनाबरूबर नाय."

"मग तितल्या समिंदरावर सैपाक कोन करनार?"

बाजार हसला. किशोरी हसली नाही. "एकवीरेला गेले, जेजुरीला गेले, चाळीस मानसांचं रांधत गेले. आईसमोर हात जोडले तेवा बी हाताला कांद्याचा वास व्हता. एकदा मला कुनीतरी ताट वाढलेलं पायजे, जने. मी नुसती बसनार."

हे ऐकून माझं डोकं आणखी तापलं. त्या जत्रेच्या बसमधून मीही गेलेय, त्याच चुली मीही फुंकल्यात. मग मला जे सुचलं नाही ते या बाईला कसं सुचलं?

तिने तयारी मात्र कसून केली. स्टेशनजवळच्या टूरवाल्याने ग्रुपमधून जायला सांगितलं, तर त्याला तिथेच झापून आली. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथल्या पूर्वेच्या किनाऱ्यावर ऊन असतं, हे तिने स्वतः शोधून काढलं आणि त्रिंकोमालीचं नाव पाठ केलं. नवरा आनंदा पोर्टवर कामाला असतो, त्याने घरात बोलणं टाकलं. मुलगा जीवन म्हणाला, लोक तोंडात शेण घालतील. गोड बोलली ती एकटी सून, रंजिता. तिनेच मोबाइलवरून तिकीट काढून दिलं.

इथेच पाणी मुरलं. आमच्या बाजारात नारळी पुनवेला प्रत्येक बाई आपला ओटा धुते, हळदकुंकू वाहते आणि सगळ्यांसमोर नारळ फोडते. फोडताना जिचं नाव घेतलं तिचा तो ओटा, पुढच्या पुनवेपर्यंत. कागदावर काही का असेना, बाजार एवढंच मानतो. किशोरीने सुनेला सांगितलं होतं, पुनव झाल्यावरचं तिकीट काढ. सुनेने गेल्या वर्षीची तारीख धरली. यंदा अधिक महिना, पुनव सरकून ऑगस्टच्या अखेरीला गेली आणि बरोबर किशोरीच्या सहलीच्या मधोमध आली. तिकीट बदलून मिळणार नव्हतं.

"अगंबाई, माझ्या ध्यानातच नाय आलं," रंजिता म्हणाली. "तुमी बिनघोर जा आई, नारळ मी फोडते."

रंजिताचं माहेर करंजाच्या कोळीवाड्यातलं. पुनव कधी आहे हे विसरणारी पोरगी आमच्यात अजून जन्माला यायचीय. आणि जीवनने तो ओटा बर्फातल्या कोळंबीच्या एका व्यापाऱ्याला देऊन आईला घरी बसवायचं ठरवलंय, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. आता बाई एक तर सहल सोडणार, नाही तर ओटा. मी मजा बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी बाजार उठता उठता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला तिचा कोयता.

"पुनवेला माझा ओटा तू धू. नारळ तू फोड."

"येडी झालीस काय? मी माझं नाव घेतलं तर?"

"घरच्यांनी घेतला तर लोक म्हनतील घरचा मामला हाय. तू घेतलास तर तुला कुनी उभं करनार नाय. ते तुलाबी म्हाईत हाय."

"आनि मला तेबी चाललं तर?"

"तर घे. त्या कोळंबीवाल्यापक्षा तू बरी. तू निदान स्वतः मासे कापतेस."

कोयता माझ्या ठोकळ्यावर ठेवून ती निघून गेली. धड विनंती नाही, धड आभार नाहीत. त्या रात्री मी घरात सगळ्यांवर उगाच खेकसले.

पुनवेला मी आधी माझा ओटा उरकला, मग समोरचा धुवायला घेतला. बाजार डोळे फाडून बघत होता. हळदकुंकू वाहून नारळ हातात घेते तोच रंजिता आली, नवी साडी, हातात ताट. मागे जीवन, आणि त्याच्या मागे तो व्यापारी.

"मावशी, बाजूला व्हा. आमचा ओटा हाय."

"थांब."

मी नारळ वर उचलला. सगळ्या बायकांचे कोयते थांबले होते. एक नाव घ्यायचं होतं फक्त. माझी सासू या जागेसाठी झुरत गेली, मी खांबाआड बसून केस पिकवले. 'जनी' म्हणायला कितीसा वेळ लागतो? तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात त्या व्यापाऱ्याने ओट्याची लांबी वितीने मोजायला सुरुवात केली, माझ्या हळदकुंकवावर हात ठेवून.

"किशोरी!" मी ओरडले आणि नारळ असा आपटला की पाणी त्याच्या शर्टावर उडालं.

जीवन लालबुंद झाला. "तुमचा काय संबंध? तुमाला तर हा ओटा पायजे व्हता!"

"व्हता नाय रे, अजून पायजे हाय. पन मी तुझ्या आईच्या हातातून हिसकून घेईन, ती हितं बसलेली असताना. तुमी कोन देनारे?"

कुणीतरी मागून शिट्टी मारली. ती तिघं निघून गेली. मी किशोरीचा कोयता तिच्या ठोकळ्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि खांबाआड माझ्या जागेवर जाऊन बसले. मला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

दुपारी मोबाइलवर फोटो आला. किशोरीचाच, पण त्यात ती नव्हती. नुसतं ताट होतं, भात, माशाचं कालवण, खोबऱ्याची चटणी. खाली एकच शब्द: 'वाढलं'.

मी बराच वेळ ते ताट बघत बसले. कालवणाचा रंग, भाताची मूद, कडेला कुणीतरी नीट ठेवलेली लिंबाची फोड. मग हात पदराला पुसून तिला उत्तर लिहिलं: 'मासा शिळा दिसतोय.'