मधलं पाणी

शिवांजलीच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती, पण नवऱ्याजवळ ती निवांत अशी कधी बसलीच नव्हती. कृष्णराज चाकणला कारखान्यात कामाला. सणावाराला तामलवाडीला यायचा तेव्हा घर माणसांनी भरलेलं असायचं. फोनवर बोलावं म्हटलं तर शेजारच्या खाटेवर कुणीतरी जागंच.

म्हणून तुळजापूरच्या पलीकडं धरणातल्या बेटावर तंबू टाकलेत, बोटीनं जाता येतं, डोंगरावर चढायला वाट केलीय, असं कळल्यावर तिनंच हट्ट धरला. सासू, दगडाबाई, काही बोलतील अशी तिला भीती होती. पण त्या म्हणाल्या, "जा की. घरचं म्या बघते. आन् त्याला हितं उतरूच नको म्हण. उतरला की त्याचा बाप रानात नेईल. परस्पर जाऊ दे."

ठरल्या दिवशी ती दुपारी धक्क्यावर पोचली आणि कृष्णराजचा फोन आला.

"टेंभुर्णीजवळ बस बंद पडली. तू पुढं हो. शेवटच्या बोटीला गाठतोच."

मल्लिकार्जुन नावाच्या नावाड्यानं तिला पलीकडं सोडलं. तिथं राखण आणि स्वयंपाक नागूबाई बघायची. तिनं तंबू दाखवला, चहा दिला. शिवांजली चहा पीत असतानाच वारं सुटलं. पाणी काठावर आदळू लागलं, आणि मल्लिकार्जुनची बोट पलीकडं बांधलेलीच राहिली.

"आता यायची न्हाय का?" तिनं विचारलं.

"वारं पडल्याबिगर त्यो बोट सोडत न्हाय, बाई," नागूबाई म्हणाली. "पाण्याला लई भितो. म्हणून तर समदे त्याच्या बोटीत बसत्यात."

फोनला रेंज फक्त डोंगरावर. शिवांजली एकटीच वाट चढली. झुडपांना ओढणी अडकत होती, ती सोडवत वर गेली. माथ्यावर पोचली तर समोरच्या धक्क्यावर निळा शर्ट घातलेला एक माणूस उभा. तेवढ्यात फोन आला.

"निळा शर्ट तुम्हीच ना?"

"व्हय! तू कुठंय?"

"वर बघा. एकच झाड आहे, त्याच्याखाली. थांबा, ओढणी हलवते."

"दिसली! दिसली!" तो एवढ्यानं ओरडला की तिला वाटलं, आवाज फोनमधून नाही, पाण्यावरूनच आला.

"गावावरून बस गेली तेव्हा मान खाली घालून बसलो," तो सांगू लागला. "आपल्याच गावात, चोरावानी."

ती हसली. आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं.

"एक सांगू? मला तिकडं न्या. तुम्ही यायचं, मी सगळ्यांचा चहा करत बसायचं, मग डबा भरून द्यायचा की झालं. मला तुमच्याजवळ नुसतं राहायचंय."

निळा शर्ट धक्क्यावरच खाली बसला.

"एका खोलीत चौघंजण राहतोय, शिवा. कंपनीनं कायम केल्यावर बघू, असं मागच्या वर्षी म्हणलो होतो. आता म्हणवत न्हाय."

तिनं फोन ठेवला नाही, त्यानंही नाही. अंधारात शर्ट दिसेना तेव्हा त्यानं मोबाईलची बॅटरी लावली, तिनंही लावली. थोड्या वेळानं त्याचा फोन बंद पडला. बांधलेल्या बोटीत ताडपत्री पांघरून तो झोपला, हे तिला सकाळी कळलं.

सकाळी वारं नव्हतं. बोट बेटाला लागली, आणि दोर बांधायच्या आत कृष्णराजनं काठावर उडी घेतली. दोघं डोंगर चढले. तिनं कितीतरी बोलायचं साठवून ठेवलं होतं, पण वर पोचल्यावर खांद्याला खांदा लावून नुसतीच बसली.

"एवढंच पाणी व्हतं व्हय?" तो धक्क्याकडं बघत म्हणाला.

"काल लई वाटत होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याची पहिली पाळी होती, त्यामुळं त्याच दुपारी निघावंच लागलं. तुळजापूरहून पुण्याच्या बसमध्ये तामलवाडीपर्यंत तीही त्याच्याजवळ बसली. गाडीत ओळखीची माणसं होती, तरी तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तामलवाडीच्या फाट्यावर दगडाबाई उन्हात उभ्या होत्या, हातात भाकरीचं गाठोडं घेऊन. शिवांजली उतरली. बस हलेपर्यंत खिडकीतून त्याचा हात धरून ठेवायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण सासूचा चेहरा बघितला आणि ती बाजूला झाली.

दगडाबाईंनी गाठोडं वर दिलं. टाचा उंचावून लेकाच्या गालावरून हात फिरवला. "वाळलास रं," एवढंच त्या बोलल्या. कंडक्टरनं घंटी मारली.

बस दिसेनाशी होईस्तोवर दोघी तिथंच थांबल्या.

"मनासारखं बोलणं झालं का?" दगडाबाईंनी विचारलं.

"न्हाय," शिवांजली म्हणाली.

दगडाबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी घराकडं निघाल्या.