नऊ नंबर कुठवर भरली

माझा राग नाकावरच असतो. त्यात त्या सकाळी आत्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, पंप बंद कर, नऊ नंबरची टाकी भरत आलीये. मी कंट्रोल रूममध्ये, समोरच्या स्क्रीनवर एकाहत्तर टक्के. आत्या खाली टाकीपाशी. टाकीत टेप सोडून माप घ्यायचं तिचं काम. स्क्रीन आल्यापासून ती टेप आठवड्यातून एकदाच निघायची. मला वाटलं, बाईला करमत नसेल. पंप उगाच थांबवला तर अख्खा प्लांट माझ्या नावाने खडे फोडणार. पण नऊ नंबरच्या छपरावर माझा धाकटा भाऊ कठड्याला रंग देत होता. तेल खरंच उतू गेलं, तर पाय घसरून तो सहा मजले खाली. म्हणून पंपवाल्याला तयार राहायला सांगितलं आणि तणतणत गेले.

"हात लाव," आत्या म्हणाली.

सावलीतली बाजू, हवा गार, पण पत्रा चांगला कोमट. प्लांटमधून तेल गरमच येतं. जिथवर तेल तिथवर पत्रा कोमट, त्याच्या वर गार. चार वर्षं मी या टाक्यांचे आकडे सांगत होते, हात एकीलाही लावला नव्हता.

जिना टाकीला वेढा घालून वर जातो. तळवा पत्र्यावर ठेवून मी चढू लागले. गार लागलं की खाली येऊन आत्याला सुनवायचं होतं. एक फेरा झाला, कोमटच. एकाहत्तरची उंची मागे पडली, तरी कोमटच. बोटभर जाड पत्रा, आणि त्याच्या पलीकडे एवढं तेल मुकाट्याने उभं! मी थक्क झाले, रागवायचंही सुचेना. जिन्याच्या चार पायऱ्या उरल्या तरी पत्रा गार होईना. मग मी वॉकीटॉकीवर ओरडले, पंप बंद कर.

पंप थांबला. आत्या धापा टाकत वर आली आणि तिने झाकण उघडलं. स्क्रीनला आकडा देणाऱ्या, तेलावर तरंगणाऱ्या फ्लोटची तार मधेच अडकली होती. तेल चढत राहिलं, आकडा तिथेच बसून राहिला. आत तेल काठापासून वीतभर खाली, काळंभोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भाऊ ब्रश हातात घेऊन वाकून बघत राहिला. "ताई, मी मघापासून याच्यावर बसून गाणी म्हणतोय?"

मी त्याचं मनगट धरलं. रंग लागेल, सोड, म्हणाला. जिना उतरेपर्यंत सोडलं नाही.